मूळ रक्कम आणि पाचवा हिस्सा

खरे प्रश्न उपासनेत कोणी विचारत नाही. ते चपला घालताना विचारले जातात. रावेरसारख्या गावात ख्रिस्ती मंडळी लहान असते. कोणाच्या तरी घरी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून बसायचं, गाणी म्हणायची, वचन वाचायचं. प्रार्थना संपते, चहा होतो, बायका कप विसळायला उठतात. मग दाराशी एक पाय चपलेत घालून कोणीतरी खालच्या आवाजात म्हणतं, ‘जरा एक विचारायचं होतं.’ या पुस्तिकेचा विषय माझ्या पदरात पडला तो असाच.

विचारणारा चाळिशीचा होता. बाप्तिस्मा घेऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याची आणि चुलतभावाची केळीची बाग एकत्र. भाऊ सुरतेला नोकरीला, त्यामुळे लागवड, ठिबक, खतं, कापणी सगळं हाच बघायचा. माल निघाला की गाडी धर्मकाट्यावर जायची, वजनाची पावती याच्या हातात यायची आणि हिशेब फोनवर सांगितला जायचा. तीन कापण्यांचं वजन याने कमी सांगितलं. घरात आजारपण नव्हतं, कर्जाचा तगादा नव्हता. पावती खिशात होती, आकडा डोळ्यांसमोर होता आणि तोंडातून दुसराच आकडा निघाला. पहिल्यांदा जीभ अडखळली, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा अजिबात नाही. त्याला भीती वाटली ती या तिसऱ्या वेळेची. त्याने विचारलं, ‘समजून-उमजून केलं. प्रभूला ओळखत असताना केलं. याला क्षमा असते का?’

इथे माझी चूक मला सांगायला हवी, कारण तिच्यातूनच पुढची पानं आली आहेत. मी पिशवीतून बायबल काढलं आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय उघडला. सत्य कळल्यानंतरही जे जाणूनबुजून पाप करत राहतात त्यांच्यासाठी आता वेगळं अर्पण उरलेलं नाही, उरते ती न्यायाची धास्ती, अशा अर्थाचा तो भाग. वाचून दाखवला, वर दोन गंभीर वाक्यं जोडली आणि मला वाटलं, पाळकाचं काम झालं. तो ‘बरं’ म्हणाला, दुसरी चप्पल घातली आणि गेला. पुढचे सात महिने तो आला नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या एकाने जवळजवळ त्याच शब्दांत हाच प्रश्न विचारला. हा तरुण होता, हसरा, गाण्यात आवाज मोठा. वडील वारले होते, सातबाऱ्यावर दोन बहिणींची नावं लागणार होती. त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या, पण कागद पीककर्जाचा आहे असं सांगून, असा त्याचा बेत होता. त्याने तो मला जवळजवळ कौतुकाने सांगितला. मग म्हणाला, ‘हे पाप आहे, मला माहीत आहे. पण नंतर मनापासून पश्चात्ताप केला तर प्रभू क्षमा करतोच ना? योहानाच्या पत्रात तसंच आहे.’

प्रश्न एकच. पण एकाचा हात भाजून झाला होता आणि दुसरा विस्तव किती तापलाय ते चौकशी करून बघत होता. पहिल्याला मी इब्रीकरांचं पत्र दिलं आणि दुसऱ्याने स्वतःच योहानाचं पत्र घेतलं. दोन्ही औषधं नेमकी उलट्या माणसांना गेली. पुढच्या पानांत जे वाद आहेत, ओळीओळीवरचे खल आहेत, ते सगळे याच गोंधळातून उभे राहिले. कोणतं वचन खरं आणि कोणतं सैल, असा हा झगडाच नाही. वचन कोणासाठी लिहिलं गेलं आणि ते आज कोणाच्या तोंडावर वाचलं जातंय, इकडे आधी बघायला हवं.

इब्रीकरांचं पत्र ज्यांना लिहिलं ते छळाने थकलेले लोक होते. एकत्र जमणं त्यांनी सोडायला सुरुवात केली होती आणि ख्रिस्ताला सरळ मागे टाकून निघून जाण्याच्या उंबरठ्यावर ते उभे होते. त्या ओळीतलं ग्रीक क्रियापद चालू क्रिया सांगणारं आहे. एकदा घसरलेल्या पायाविषयी ते बोलत नाही. ठरवून धरलेल्या, चालूच ठेवलेल्या वाटेविषयी बोलतं. थोडं पुढे लेखक त्या पापाचं वर्णनही करतो: देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणं. भावाला वजन कमी सांगून सात महिने झोप उडालेला माणूस कोणाला तुडवत नसतो. तो स्वतःच तुडवला गेलेला असतो. उलट योहानाचं पहिलं पत्र कबुली देणाऱ्याला क्षमेचं आश्वासन देतं ते खरंच, आणि ते विश्वास ठेवणाऱ्यांनाच उद्देशून आहे, बाहेरच्यांना नाही. पण लगेच पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत लेखक सांगतो की हे लिहितोय ते तुम्ही पाप करू नये म्हणून. आमच्या तरुणाने अध्याय बदलायच्या आत पुस्तक मिटलं होतं.

कबुलीसाठी तिथे जो ग्रीक शब्द आला आहे त्याचा मूळ अर्थ ‘तेच बोलणं’. देव ज्याला चोरी म्हणतो त्याला आपणही चोरी म्हणायचं. ‘हिशेबात जरा मागेपुढे झालं’ असं म्हटलं की ती कबुली राहत नाही. आपल्या भाषेला हे कळतं. ‘मापात पाप’ हा शब्द मराठीने उगीच जुळवलेला नाही.

मापावरून लेवीय पुस्तकाकडे जायला हवं. बुद्ध्या केलेल्या पापावर बोलताना लोक गणनेच्या पंधराव्या अध्यायाकडे धावतात आणि लेवीय ओलांडून जातात. गणनेत दोन पापं वेगळी केली आहेत. नकळत घडलेलं एक, त्यासाठी अर्पण आहे. दुसऱ्यासाठी हिब्रूत जो शब्दप्रयोग आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘उगारलेल्या हाताने’. देवावर हात उगारून केलेलं पाप. त्या माणसाला लोकांतून छेदून टाकायचं. यावरून सरसकट निष्कर्ष काढला जातो की नकळतच्याला क्षमा, कळूनच्याला नाही. पण लेवीयच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला बघा. शेजाऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू नाकारली, लुबाडलं, सापडलेली वस्तू लपवली, वर खोटी शपथ घेतली. यातलं एकही काम झोपेत होत नाही. खोटी शपथ नकळत कशी घेणार? तरीही तिथे दार उघडं आहे. अट एवढीच की आधी मूळ रक्कम परत करायची, वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा, तो ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, आणि मग वेदीकडे जायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी भाऊ, मग देव. जक्कयाने तर पाचव्या हिश्शावर थांबायचंही नाकारलं, चौपट देतो म्हणाला.

आता या दोन अध्यायांना शेजारी ठेवा. उगारलेला हात आणि खाली आलेला, पैसे मोजणारा हात. पाप जाणून केलं की अजाणता, यापेक्षा ते केल्यावर हात कुठे आहे, हा प्रश्न जुन्या कराराला जास्त महत्त्वाचा वाटतो, असं माझं वाचन आहे. याच्याशी सहमत नसलेले दोन लेख या पुस्तिकेत आहेत आणि ते असावेत असा माझाच आग्रह होता.

मराठी माणूस ख्रिस्ती झाला तेव्हा तो कोरी पाटी घेऊन आला नव्हता. कामतः आणि अकामतः, म्हणजे इच्छेने आणि अनिच्छेने केलेलं पाप, हा भेद आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वीपासून चघळला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतल्या एका श्लोकाचा मिताक्षरा या टीकेने लावलेला अर्थ साधारण असा, की अजाणता घडलेलं पाप प्रायश्चित्ताने जातं. जाणून केलेल्या मोठ्या पापाचं प्रायश्चित्त घेतलं तर माणूस व्यवहार्य होतो, म्हणजे त्याच्याशी बसता-उठता येतं, पण पाप जातंच असं नाही. महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या मतांचा सगळा गुंता मांडून ठेवला आहे. मला त्यातला ‘व्यवहार्य’ हा शब्द विलक्षण प्रामाणिक वाटतो. देवाकडे काय झालं ते देव जाणे, आम्ही तुला पंगतीला घेतो, असं तो म्हणतो. ख्रिस्ती मंडळीत पुष्कळदा याच्या उलट होतं. देवाने तुला क्षमा केली असं आपण व्यासपीठावरून सांगतो आणि जेवायला बोलावत नाही.

परत घेण्याचा प्रश्न मुंबईत १८४३ साली फार गाजला. नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनऱ्यांकडे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण वयाचा होता, तो मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. पण घरी आलेल्या मुलाला जातीत घ्यायचं कसं? तो मिशनऱ्यांकडे जेवला होता. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. ‘दर्पण’कार म्हणून आपण बाळशास्त्रींना ओळखतो, एका पोरासाठी त्यांनी सोसलेला हा मनस्ताप कमी जणांना ठाऊक असतो. वाद हिंदूंमधला होता, प्रश्न मात्र तोच, जो त्याच्या जवळजवळ सोळाशे वर्षं आधी ख्रिस्ती मंडळीला फाडून गेला होता: गेलेला परत आला तर दार किती उघडायचं?

तो जुना इतिहास पुस्तिकेत तपशिलाने आहे, म्हणून इथे धावता. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथाने बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी मानली. तर्तुलियनने पश्चात्तापाला जहाज फुटल्यावर हाती लागणाऱ्या फळीची उपमा दिली, आणि पुढे वय वाढल्यावर तीच फळी बऱ्याच जणांच्या हातून काढून घेतली. मग लोक हिशेबी झाले. एकदाच धुऊन मिळणार असेल तर धुणं शेवटी काढलेलं बरं! सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, मरणशय्येवर. मला त्यात आमचा सातबाऱ्यावाला तरुण दिसतो. इसवी सन २५० मध्ये सम्राट डेशियसने सगळ्यांना रोमन देवांपुढे यज्ञ करून तसा दाखला घ्यायला लावलं, तेव्हा हजारो ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केले, काहींनी नुसते दाखले विकत घेतले. छळ ओसरल्यावर हे सगळे दाराशी उभे. रोमचा नोव्हेशियन म्हणाला, नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, हो, पण पश्चात्ताप दाखवा, वेळ जाऊ द्या. मंडळीने सिप्रियनचं ऐकलं. हे बरं झालं असं मी म्हणतो, कारण नोव्हेशियनची मंडळी जिंकली असती तर पेत्रालाही तिच्यात जागा नव्हती. त्याने तर कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारलं होतं, आणि तेही आधी ताकीद मिळालेली असताना.

गोव्यात याच प्रश्नाची कचेरी झाली. १५६० मध्ये सुरू झालेलं आणि मधला काही काळ सोडता १८१२ पर्यंत चाललेलं इन्क्विझिशन मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांच्या मागे होतं. जुन्या देवाला हात जोडणं, जुनी रीत पाळणं हा तिथे खटल्याचा विषय. ज्याला कोकणात आणि वसईकडे कुमसार म्हणतात ती कबुली, दोन माणसांमधली कुजबूज, शेजारच्याच इमारतीत जबानी होऊन बसली. कबुली ऐकणारा आणि शिक्षा देणारा एकाच अंगरख्यात शिरले की माणूस खरं बोलणं सोडतो. हे फक्त गोव्याचं नाही. आमच्या सतरंजीवरही हे घडतं, आकार तेवढा लहान.

मराठी ख्रिस्ती लेखनात बाप्तिस्म्याआधीच्या पापाविषयी भरपूर आहे. नंतरच्याविषयी लोक संकोचतात. साक्ष द्यायला उभं राहिलं की ‘मी पूर्वी असा होतो’ इथे गोष्ट सुरू होते आणि पाण्यातून वर आल्यावर संपते. या संकोचाला सर्वांत मोठा अपवाद लक्ष्मीबाई टिळकांचा. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना बाप्तिस्म्याआधीचे तापट, भोळे, विसरभोळे टिळक आणि नंतरचे टिळक यांच्यात लक्ष्मीबाई भिंत घालत नाहीत. राग तोच, हातचं देऊन टाकण्याची खोड तीच, मग येणारा पश्चात्तापही तोच. बदल झाला नाही असं त्या म्हणत नाहीत. पण बदललेल्या माणसाचा जुना राग त्या झाकून ठेवत नाहीत. संतचरित्र लिहायचं सोडून त्यांनी नवरा लिहिला. (आम्हा खानदेशकरांचा त्या घरावर थोडा हक्कही आहे. धरणगावचे बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले, आणि १९१८ मध्ये त्यांचा शेवट झाला तो जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनात, रुळांवर. रावेरहून जळगावला जाताना गाडी भादलीवरूनच जाते. मला तिथे दर वेळी खिडकीबाहेर बघावंसं वाटतं.)

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ च्या त्यांच्या साक्षीत त्या सांगतात की त्यानंतर कितीतरी वर्षं धर्म हाताशी होता, ख्रिस्त सापडला नव्हता. जगभर नाव झालेल्या बाईने हे छापून सांगावं, याला काय म्हणायचं? त्या साक्षीच्या आधी, १९०५ च्या जूनअखेरीस केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते प्रसिद्ध संजीवन झालं. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आल्या होत्या, रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले होते. एके रात्री सुरू झालेलं रडणं आणि पापकबुली दिवसच्या दिवस चालली. खोटं बोलणं, चोऱ्या, मनातले द्वेष. यातल्या बऱ्याच जणी बाप्तिस्मा झालेल्या होत्या. म्हणजे ज्याला आपण ‘नंतरचं पाप’ म्हणतो त्याचीच ती कबुली होती, आणि ती चारचौघींत होती. मला हे प्रकरण मोठं वाटतं आणि त्याची भीतीही वाटते. दुष्काळातून वाचलेल्या, एकमेकींच्या आधाराने जगणाऱ्या मुलींनी एकमेकींसमोर मन मोकळं करणं वेगळं. पंधरा घरांच्या मंडळीत, जिथे निम्मे एकमेकांचे व्याही आणि उरलेले बांधाला बांध लागून असलेले, तिथे रविवारी उभं राहून ‘मी भावाला फसवलं’ म्हणणं वेगळं. ती कबुली सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर पोचलेली असते. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सांगितलं आहे. एकमेकांची पापं सांगत फिरा असं नाही.

आता आमच्याकडच्या एका गोष्टीबद्दल बोलणं भाग आहे, नाहीतर ही प्रस्तावना कुठल्याही गावची होईल. रावेरच्या उत्तरेला सातपुडा. पाल गावाकडे वर चढलं की पावरा-बारेला वस्त्या लागतात. तिथल्या जुन्या जगण्यात मोहाची दारू ही चैनीची वस्तू नाही. देवाला तिची धार पडते, लग्नात देज म्हणजे वधूमूल्य ठरताना ती लागते, मयताला लागते. ख्रिस्ती होणाऱ्याला मंडळी पहिली गोष्ट सांगते ती ही, की दारू सोड. यामागे कारण आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिली आहेत, आणि सोडल्याने उभी राहिलेलीही. पण मग होळीआधीचा भोंगऱ्या बाजार येतो. ढोल वाजतात, अख्खं नातं तिथे असतं, मामा पेला पुढे करतो. नाकारलं तर मामाचा अपमान, घेतला तर बुद्धिपुरस्सर पाप. अशा एका पोराने घेतला. कोणीतरी पाहिलं. त्याला सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवलं गेलं, आणि तो प्रत्येक रविवारी येऊन मागे बसत राहिला.

त्याच सहा महिन्यांत हक्कसोडपत्र नोंदलं गेलं. तरुणाने बहिणींच्या सह्या घेतल्या. त्याला कोणी काही विचारलं नाही. तो आजही पुढे बसतो, आवाज आजही मोठा आहे.

आमच्या मंडळ्यांची पापांची एक अलिखित यादी असते. दारू, तंबाखू, तमाशा, मूर्तीपुढचा नारळ. यादीतलं काही केलं की ते ‘जाणूनबुजून’. यादीबाहेरचं, म्हणजे जमीन, हुंडा, काटा, मजुराचा रोज, हा ‘व्यवहार’. आणि यादीत सर्वांत वर असायला हवी होती ती गोष्ट तर तिथे नावालाही नाही. लक्ष्मीबाईंनी जातीचं ओझं बाप्तिस्म्याच्या आधीच खाली ठेवलं होतं; आम्ही तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती सोयरीक जुळवताना ते अजून हळूच चाचपतो. रोज करायचं आणि कधीच कबूल करायचं नाही, याहून जाणूनबुजून ते काय असतं?

जॉन न्यूटनची गोष्ट मी या संदर्भात नेहमी सांगतो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा हा खलाशी १७४८ च्या मार्च महिन्यात वादळात सापडला, देवाकडे वळला, आणि त्यानंतरही १७५४ पर्यंत गुलामांची जहाजं हाकत राहिला. प्रार्थना वर, साखळदंड खाली. या धंद्याविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, वळल्याला चाळीस वर्षं झाल्यावर. सुरुवातीला त्याचं ते पाप नकळतचं होतं की कळूनचं? त्याच्या काळाच्या यादीत ते नव्हतं, एवढं खरं. पण यादी कोणी केली होती? जहाजांच्या मालकांनी. आमचीही यादी बहुधा शेतमालकांनी केली असावी, मोहाचा पेला तिच्यात आहे आणि काटा नाही, त्या अर्थी.

याचा अर्थ मंडळीने कोणालाच काही विचारू नये असा नाही. पौलाने करिंथच्या मंडळीतल्या एका माणसाला बाहेर काढायला लावलं होतं. दुसऱ्या पत्रात तो एका दुखावणाऱ्याविषयी लिहितो, की आता पुरे, त्याला जवळ घ्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. दोन्हीकडे माणूस एकच की वेगळे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला त्यातला ‘आता पुरे’ महत्त्वाचा वाटतो. शिस्तीला शेवटची तारीख असावी लागते. नाथानाने दाविदाला तोंडावर सांगितलं, दावीद मोडला, आणि क्षमा त्याच बैठकीत मिळाली. दाविदाने मारवलेला उरीया मात्र परत आला नाही. पुढे दाविदाच्या घरात जे जे झालं ते वाचवत नाही. क्षमा मिळाली म्हणजे सातबारा पूर्ववत झाला, असं बायबल कुठेच म्हणत नाही.

तरुणाला मी त्या दिवशी दाराशी काय म्हणालो, ते सांगायचं राहिलं. मी म्हणालो, ‘तू क्षमा मागत नाहीस, तू भाव विचारतोयस.’ तो हसला. आमच्याकडे रोज सकाळी केळीचा भाव विचारायची सवय असते, त्याला ती कोटी वाटली. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी पौलाने हीच मनोवृत्ती पकडली आहे, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, आणि लगेच तिला झटकलं आहे. आज मला वाटतं, मी त्याला पौल सांगायला नको होतं. सरळ त्याच्या बहिणींना फोन करायला हवा होता. मी केला नाही. त्या वेळी मी याला पाळकाची मर्यादा म्हटलं. आता ‘तेच बोलायचं’ तर, मला त्याच्या घराण्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

केळीवाल्यांना आणखी एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मुख्य झाड वाढत असताना बुंध्याशी पिलं फुटत राहतात. कापली तरी पुन्हा येतात, कारण कंद जिवंत असतो. पील आलं म्हणून शेतकरी बाग मेली असं म्हणत नाही, आणि येणारच आहे म्हणून विळा टांगूनही ठेवत नाही. पण कुकुंबर मोझॅकने पान पिवळं पडलं की मात्र कापून भागत नाही, झाड मुळासकट उपटून बागेबाहेर न्यावं लागतं. अलीकडच्या वर्षांत रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी हे रडत रडत केलं आहे. पील कोणतं आणि मोझॅक कोणता, हे ओळखणं म्हणजेच या पुस्तिकेचा निम्मा विषय. उपमा अर्धवट आहे, माहीत आहे. झाडाला पश्चात्ताप होत नाही.

पुस्तिकेतले लेख सलग वाचायची गरज नाही. इब्रीकरांवरचा लेख लांब आहे, त्यात व्याकरण पुष्कळ आहे. घाबरलेल्या माणसाने तो आधी उघडू नये. त्याने पेत्रावरचं प्रकरण आधी वाचावं, समुद्रकाठी विस्तवावर भाजलेली मासळी आणि तीन नकारांसमोर तीनदा विचारलेला एकच प्रश्न. निर्धास्त माणसाने मात्र इब्रीकरांपासूनच सुरुवात करावी.

पहिला माणूस सात महिन्यांनी परत आला. मी बोलावून नव्हे. माझ्या बायकोने त्याच्या बायकोला बाजारात गाठलं आणि घरी जेवायला बोलावलं. जेवताना वचन निघालं नाही. त्यानंतर तो एकटा सुरतेला गेला, तिन्ही पावत्या घेऊन. भाऊ काय बोलला ते त्याने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. ही प्रस्तावना छापायला देण्याआधी त्याला वाचायला दिली, त्याच्याविषयीचा मजकूर जावा की नाही ते त्यानेच ठरवावं म्हणून. त्याने एकच दुरुस्ती केली. मी लिहिलं होतं की त्याने भावाचे पैसे पाचव्या हिश्शासह परत केले. त्याने ते वाक्य खोडलं आणि बाजूला लिहिलं: मूळ रक्कम फिटली, पाचव्यातले अकरा हजार बाकी आहेत, कांदेबाग निघाली की देणार.